तेराशे वर्षं हात लागला नाही म्हणे!

गेल्या काही महिन्यांत हा फॉरवर्ड मला चार वेळा आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा शाळेच्या बॅचच्या, दोनदा नातेवाइकांकडून. वर एका दगडी चर्चचा फोटो: हिरवळ, निमुळता मनोरा, ढगाळ आभाळ. खाली मजकूर, थोडक्यात असा. हे इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थ गावचं चर्च, इसवी सन ६८० चं. तेराशे वर्षांत इथला एक दगड हललेला नाही. इंग्लंडच्या गावोगावची जुनी चर्चं अशीच जशीच्या तशी उभी आहेत. एकाच नकाशावर बांधलेली, ना रंग ना गिलावा, सगळा उघडा दगड. जे काही फुटलं ते क्रॉमवेलने फोडलं, बाकी सरकार डोळ्यांत तेल घालून सांभाळतं. आणि आपण काय करतो? देवळांना ऑइल पेंट फासतो आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवतो. पटलं तर पुढे पाठवा.

ऑइल पेंट आणि टाइल्सबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यावर माझंही डोकं तितकंच फिरतं. पण त्याच्या आधीचं जवळजवळ सगळं चूक आहे. गंमत म्हणजे ते चूक आहे हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. वर जो फोटो लावलाय तोच नीट बघितला तरी पुरे.

‘६८० सालचं, तेराशे वर्षं जसंच्या तसं’

आधी तारीख. ६८० च्या सुमाराचा हा काळ पीटरबरोच्या मठातल्या एका बाराव्या शतकातल्या इतिवृत्तावरून धरला जायचा. त्या मठाने ब्रिक्सवर्थला शाखा काढली, असं त्यात म्हटलंय. इमारतीवर स्वतःचा असा कुठलाही लेख नाही. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी भिंतींचा दगड न् दगड तपासला, आसपास खोदून पाहिलं. आता बांधकाम आठव्या शतकाच्या अखेरीचं किंवा नवव्याच्या सुरुवातीचं मानतात. शंभरेक वर्षं इकडेतिकडे. एवढ्यावरून कुणाला धारेवर धरायला नको.

पण फोटो? तो दक्षिणेकडून काढलाय. डाव्या हाताचा उंच टॉवर आणि त्यावरचा निमुळता स्पायर, म्हणजे ज्याच्यामुळे फोटो फोटोसारखा दिसतो तो भाग, चौदाव्या शतकात चढवलेला. टॉवरला पश्चिमेकडून चिकटलेली गोलसर बुरुजासारखी जिन्याची पेटी मूळ बांधकामाच्या बऱ्याच नंतरची. ती जिथे टेकलीय तिथे पूर्वी आत जायचं दार होतं, ते तिने गिळलं. दक्षिणेकडचं दार नॉर्मन पद्धतीचं, बाराव्या शतकाच्या आसपासचं, आणि ते एका आणखी जुन्या, मोठ्या कमानीच्या पोटात बसवलंय. त्याच्या पुढे बाहेर आलेलं चॅपल १३०० च्या सुमाराचं. आणि उजव्या टोकाचा तो देखणा, बाहेरून बहुकोनी, आतून गोल भाग? तो बहुतांशी १८६५ चा. म्हणजे आपल्याकडे मुंबई–ठाणे रेल्वे सुरू होऊन बारा वर्षं झाली होती.

या शेवटच्या भागाची कथा सांगितलीच पाहिजे. मूळ सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या काळातल्या इमारतीला तिथे अर्धगोल भाग होता. मध्ययुगात तो काढून चौकोनी चान्सेल, म्हणजे वेदीची खोली, बांधली गेली. एकोणिसाव्या शतकात वॉटकिन्स नावाचे व्हिकर, म्हणजे गावचे धर्मगुरू, इथे होते, जुन्या वास्तूंचे शौकीन. त्यांनी ती मध्ययुगीन चान्सेल पाडली आणि जुन्या पायावर पुन्हा गोल भाग उभा केला. म्हणजे चर्च ‘मुळासारखं’ दिसावं म्हणून त्यांनी चारेकशे वर्षांचा खराखुरा भाग पाडून कोरा करकरीत नवा बांधला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला जो भाग सगळ्यात प्राचीन वाटला, तो फोटोतला सगळ्यात नवा आहे.

मी तिथे गेलो होतो तेव्हा बराच वेळ उत्तरेच्या भिंतीपाशी घुटमळलो, कारण खरं पुस्तक तिथे उघडं आहे. भिंतीत ओळीने मोठमोठ्या कमानी दिसतात, आणि सगळ्या बुजवलेल्या. कमानींच्या कडेने पातळ, रुंद, तांबूस विटांच्या दोन-दोन रांगा. या विटा रोमन आहेत. रोमन लोक ब्रिटनमधून गेले पाचव्या शतकात. त्यांच्या पडक्या इमारतींतून या उचलून आणलेल्या. सॅक्सन गवंड्याला त्या कमानीत कशा लावायच्या हे पुरतं साधलेलं नाही. विटा मध्याकडे रोखून बसायला हव्यात, तशा त्या बसत नाहीत, जरा तिरक्या कललेल्या राहतात. तरी कमान बाराशे वर्षं उभी आहे हेही खरं. या कमानींतून पूर्वी बाजूच्या लहान खोल्यांत जाता यायचं. त्या खोल्या गेल्या, मग कमानी दगडांनी भरून काढल्या आणि त्या भरावात खिडक्या बसवल्या. एकाच हातभर भिंतीत रोमन वीट, सॅक्सन कमान, नंतरचा भराव आणि त्यातली खिडकी. ‘एक दगड हललेला नाही’ या वाक्याला यातला पहिलाच दगड हसेल, कारण तो इथे येण्याआधीच एकदा हललेला आहे.

‘एकाच नकाशावर बांधलेली’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण या इमारतींची सगळी मजाच तो घालवतो.

गावचं पहिलं दगडी चर्च म्हणजे बहुतेक वेळा दोनच खोल्या. लोकांसाठी लांबट सभामंडप, त्याला नेव्ह म्हणतात. पूर्वेला वेदीची, धर्मगुरूची धाकटी खोली, ती चान्सेल. गाव वाढलं की जागा पुरेना. सगळं पाडून नवं बांधायला पैसा नाही आणि उपासना तर बंद ठेवता येत नाही. मग गवंड्यांनी काढलेली युक्ती अशी: जुन्या भिंतीच्या बाहेर थोडं अंतर सोडून नवी बुटकी भिंत घालायची, वर एकपाखी छप्पर टाकायचं, झाली ओवरी तयार. तोवर आत जुन्या भिंतीआड सगळं सुरळीत चालू. मग मधली भिंत टप्प्याटप्प्याने फोडायची, वरचा भार टेकूंवर तोलायचा, खाली खांब उभे करायचे आणि खांबांवर कमानी. कमानींच्या वरची भिंत जागची हलवायचीच नाही. त्यामुळे आजही काही चर्चमध्ये मान वर करून पाहिलं की कमानीच्या डोक्यावर जुन्या खिडकीचा नुसता वरचा गोल दिसतो. खालचा भाग नव्या कमानीने खाल्लेला असतो.

ओवऱ्या झाल्या की मधला सभामंडप काळोखा होतो. मग त्याच्या भिंती उंच करायच्या आणि वरच्या पट्ट्यात खिडक्यांची रांग काढायची, ती क्लिअरस्टोरी. छपराचंही तेच. आधीची छपरं उभ्या उताराची, बरीचशी गवताची. पुढे शिशाचे पत्रे परवडायला लागले. शिसं उभ्या उतारावर खाली सरकतं, त्यामुळे छप्पर चपटं झालं. टॉवरच्या पूर्वेच्या अंगावर नीट बघितलं तर पुष्कळ ठिकाणी उलट्या ‘व्ही’सारखी दगडाची रेघ दिसते. ते जुन्या छपराचं आढं कुठे टेकायचं त्याची खूण. छप्पर गेलं, वळ राहिला.

आणि चर्च फक्त वाढतच जायची असंही नाही. यॉर्कशरमध्ये व्हॉरम पर्सी नावाचं एक ओसाड गाव आहे. तिथे मॉरिस बेरसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात खोदकाम केलं. गावच्या सेंट मार्टिन चर्चची जमीनही पूर्ण खोदली, कारण ते वापरातून गेलेलं होतं. निघालं काय? सर्वांत खाली लाकडी चर्चच्या खांबांचे खड्डे. त्यावर छोटं दोन खोल्यांचं दगडी चर्च. मग मोठं नॉर्मन चर्च. बाराव्या शतकाच्या अखेरीला दक्षिणेची ओवरी, तेराव्यात उत्तरेची, मग आणखी एक चॅपल. आणि नंतर गाडी उलटी फिरली. रोगराई झाली, माणसं कमी झाली, जमीनमालकांना शेतापेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या, आणि १५०० च्या आसपास गावातली शेवटची कुटुंबंही उठली. चर्चच्या ओवऱ्या पाडल्या, कमानी बुजवल्या, चान्सेल आखूड केली. शेजारच्या वाड्यांतली माणसं तरीही इथेच येत राहिली, पण १८७० मध्ये जवळच्या थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च झालं आणि तीही वर्दळ आटली. १९५९ साली टॉवरचा अर्धा भाग कोसळला. आज छप्पर नसलेल्या त्या भिंतींत बुजवलेल्या कमानी अगदी ठळक दिसतात. गावाच्या लोकसंख्येचा आलेखच भिंतीवर काढलाय म्हणा ना.

आता एक प्रश्न. एकाच चर्चमध्ये नेव्ह भव्य आणि चान्सेल बुटकी, जुनाट, असं कित्येक ठिकाणी का दिसतं? किंवा उलट? याचं उत्तर शिल्पशास्त्रात नाही, वहीखात्यात आहे. नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांची जबाबदारी आणि चान्सेलची रेक्टरची, म्हणजे ज्याला गावच्या पिकाचा दशांश मिळतो त्याची. पुष्कळ ठिकाणी हा रेक्टर म्हणजे दूरवरचा एखादा मठ असायचा. लोकरीच्या धंद्यात गावाने पैसा केला की नेव्ह उंच व्हायची, खिडक्या रुंद व्हायच्या. मठाला मात्र या आडगावच्या चान्सेलवर खर्च करायची घाई नसायची. दोन मालक, दोन तिजोऱ्या, दोन नकाशे. एक नकाशा होताच कुठे?

याच फॉरवर्डच्या एका लांबलेल्या आवृत्तीत असंही आहे की काही चर्चमध्ये चान्सेल मुद्दाम जराशी वाकडी बांधलीय, क्रुसावर येशूची मान कलली होती तशी. ऐकायला गोड आहे, आणि इंग्लंडमध्येही बरेच जण ही गोष्ट सांगतात. पण नेव्ह एका शतकात, चान्सेल दुसऱ्या शतकात, मधे जुन्या भिंती उभ्या, दोरी आरपार ताणता येत नाही, अशात दोन्हींची रेषा जुळली तरच नवल.

‘ना रंग, ना गिलावा, उघडा दगड’

इथे फॉरवर्डने नेमकं उलटं टोक पकडलंय. मध्ययुगातल्या गावच्या चर्चमध्ये आपण शिरलो असतो तर डोळे दिपले असते. भिंतींना चुन्याचा गिलावा आणि त्यावर चित्रं. नेव्ह आणि चान्सेलच्या मधल्या कमानीवर बहुतेक वेळा अंतिम न्यायनिवाड्याचं मोठं चित्र: वर ख्रिस्त, एका हाताला स्वर्गात निघालेले, दुसऱ्या हाताला सैतान ओढून नेतोय असे, त्यात राजे आणि बिशपही. खांब रंगवलेले, मूर्ती रंगवलेल्या, लाकडी पडद्यावर सोनेरी वर्ख. दगड उघडा ठेवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

सॉल्सबरीच्या सेंट थॉमस चर्चमधलं असं न्यायनिवाड्याचं चित्र पंधराव्या शतकाच्या शेवटी काढलेलं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं आणि अशी चित्रं म्हणजे मूर्तिपूजा ठरली. १५९३ मध्ये त्यावर चुना फासला. १८१९ मध्ये ते सापडलं, आणि सापडल्यावर काय केलं? परत चुना फासला! शेवटी १८८१ मध्ये ते कायमचं उघडं झालं. स्ट्रॅटफर्डमध्ये गिल्ड चॅपल आहे. १५६३-६४ च्या नगराच्या हिशेबात तिथली चित्रं ‘विद्रूप’ करण्यासाठी २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. त्या वेळी नगराचे हिशेब बघत होते जॉन शेक्सपिअर. होय, त्याचेच वडील. मुलगा जन्मला त्याच्या आगेमागेच बापाने भिंती पांढऱ्या करून घेतल्या होत्या.

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट सफोकमधल्या वेनॅस्टनची. तिथे न्यायनिवाड्याचं चित्र भिंतीवर नव्हतं, लाकडी फळ्यांवर होतं, आणि त्या फळ्या कमानीत बसवल्या होत्या. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना मारून वर वचनं लिहिली. मग तीनशे वर्षं त्याखाली काय आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १८९२ मध्ये दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा त्या कळकट फळ्या काढून बाहेर अंगणात टाकल्या, बहुधा जाळायलाच. रात्री पाऊस आला. सकाळी पाहतात तो चुना वाहून गेलेला आणि फळ्यांवरून चेहरे बघतायत. आज ते चित्र चर्चमध्ये उभं केलेलं आहे. त्याच्या मधोमध क्रुसाच्या आकाराची आणि बाजूला माणसांच्या आकाराची रंग नसलेली कोरी जागा आहे. तिथे पूर्वी लाकडी क्रूस आणि मूर्ती ठोकलेल्या होत्या. मूर्ती काढून टाकल्या, पण त्यांच्यामागे रंग पोचलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या सावल्या शिल्लक राहिल्या.

मग हा उघडा दगड आला कुठून? व्हिक्टोरियन काळातून. १८३९ मध्ये केंब्रिजच्या काही उत्साही तरुणांनी कॅम्डन सोसायटी काढली. तेराव्या-चौदाव्या शतकाची गॉथिक पद्धत तेवढी शुद्ध, बाकी सगळं हिणकस, असा त्यांचा ठाम निकाल होता. पुढच्या चाळीसेक वर्षांत इंग्लंडमधल्या हजारो चर्चचा जीर्णोद्धार झाला. बंदिस्त पेटीसारखे बाक गेले, वादकांचे सज्जे गेले, तीन मजली व्यासपीठं गेली, आणि कित्येक ठिकाणी आतला गिलावा खरवडून काढला. त्याबरोबर त्याखालची चित्रंही. ओबडधोबड दगड, जो मूळ गवंड्याने कुणी बघावा म्हणून रचलाच नव्हता, तो उघडा पडला, वर सांध्यांत सिमेंट भरलं. फॉरवर्ड ज्याला मध्ययुगीन साधेपणा म्हणतोय तो हा खरवडलेला दगड.

याच्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनावच पडलं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. मॉरिस बरफर्डच्या चर्चचं चाललेलं काम बघून व्हिकरला बोलला, तेव्हा उत्तर आलं म्हणे: चर्च माझं आहे, मनात आलं तर मी त्यात खाली डोकं वर पाय करून उभा राहीन. (ट्रस्टी कुठलेही असोत, भाषा तीच.) मॉरिसच्या पुढाकाराने जपलेलं इंगल्शमचं छोटं चर्च अजून बघायला मिळतं. तिथे भिंतीवर चित्रावर चित्र, वचनावर वचन, शतकांचे थर एकमेकांतून डोकावतात. काही वाचता येत नाही आणि सगळं दिसतं.

खरवडीतून सुटलेलं आणखी एक म्हणजे व्हिटबीचं सेंट मेरी चर्च, समुद्रकाठच्या कड्यावर, १९९ पायऱ्या चढून जायचं. बांधकाम नॉर्मन. पण आत शिरलं की मध्ययुग दिसतच नाही. सगळीकडे उंच पाठीचे पेटीबाक, वर सज्जे, मधे तीन मजली व्यासपीठ, शेगडी. आणि चान्सेलच्या कमानीच्या अगदी तोंडावर, पिळाच्या खांबांवर उभारलेला एक पांढरा सज्जा, गावच्या चोमली या जमीनदार घराण्याला बसायला. म्हणजे वेदीकडे पाठ फिरवून हे कुटुंब लोकांकडे बघत बसायचं! सतराव्या शतकात तो बांधला तेव्हा कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही.

आणि हा ‘शुद्ध’ नमुना बघायला इंग्लंडला जायची गरजही नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च आहे ना? १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला. हेन्री कॉनीबेअरचा आराखडा, आतलं काम विल्यम बटरफील्डचं. इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या गावच्या चर्चचं हे व्हिक्टोरियन लोकांच्या मनातलं चित्र. मध्ययुगीन चर्च कसं दिसायला हवं होतं असं त्यांना वाटायचं, ते बघायचं असेल तर कुलाब्याची बस पकडावी. तिथे खरंच ते एकाच नकाशावर बांधलेलं आहे.

‘फोडलं ते क्रॉमवेलने’

कुठला क्रॉमवेल? एक थॉमस क्रॉमवेल, आठव्या हेन्रीचा मंत्री. त्याच्या हाताखाली मठ बंद झाले आणि १५४० मध्ये त्याचंच डोकं उडवलं गेलं. दुसरा ऑलिव्हर, जन्म १५९९. लोककथेत दोघांचा एकच माणूस होतो आणि गावातली प्रत्येक तुटकी नाकं-डोकी त्याच्या घोडेस्वारांच्या नावावर जमा होतात.

गावच्या चर्चवरचा मोठा घाव ऑलिव्हर जन्मायच्या निदान पन्नास वर्षं आधीचा. सहाव्या एडवर्डच्या राज्यात १५४७-४८ मध्ये मूर्ती उतरवायचे हुकूम निघाले, मृतांसाठी प्रार्थना करायची चॅपल बरखास्त झाली, १५५० मध्ये दगडी वेदी काढून लाकडी टेबलं आली. १५५३ मध्ये कॅथलिक मेरी गादीवर आली आणि सगळं परत लावायचा हुकूम. १५५८ मध्ये एलिझाबेथ, पुन्हा सगळं काढा. १५६१ मध्ये नेव्ह-चान्सेलमधल्या पडद्यावरचा लाकडी सज्जा पाडायचा, पडदा तेवढा ठेवायचा, असा आदेश. म्हणूनच पुष्कळ चर्चमध्ये भिंतीच्या पोटात एक अरुंद दगडी जिना सापडतो, जो वर जाऊन हवेतल्या दारात संपतो.

आणि हे करणारे बाहेरून आलेले शिपाई नव्हते. डेव्हनमधल्या मोअरबाथ या तेहतीस कुटुंबांच्या गावात सर ख्रिस्टोफर ट्रिकी हे धर्मगुरू १५२० पासून १५७४ पर्यंत होते. एवढ्या काळात चार राजवटी आणि तितकेच धर्म बदलले, ते जागेवर, आणि गावाचे हिशेब त्यांच्या हातचे. अंत्यसंस्काराच्या वेळी घालायच्या काळ्या वस्त्रांसाठी त्यांनी वीस वर्षं पै-पैसा साठवला. वस्त्रं अखेर आली ती १५४७ मध्ये, म्हणजे नेमकी तसे विधीच रद्द होत असताना. हुकूम आला तेव्हा गावाने मूर्ती उतरवल्या, काही विकल्या, काही कुणाकुणाच्या घरी गेल्या. मेरी आल्यावर त्याच घरांतून वस्तू परत बाहेर आल्या. माळ्यावर काय काय लपवलं होतं कुणास ठाऊक.

ऑलिव्हरच्या काळात तोडफोड झालीच नाही असं नाही. विल्यम डाउसिंग नावाच्या अधिकाऱ्याने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशर आणि सफोकमधली अडीचशेच्या आसपास चर्चं पालथी घातली आणि प्रत्येक ठिकाणी काय फोडलं त्याची रोजनिशी ठेवली. सफोकमधल्या ब्लाइथबरोला त्याने छतावरचे देवदूत उतरवायला सांगितल्याची नोंद आहे. देवदूत अजून छतावरच आहेत. त्यांच्या अंगात शिशाच्या गोळ्या सापडल्या तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली: बघा, क्रॉमवेलची माणसं! पुढे निघालं असं की त्या गोळ्या अठराव्या शतकातल्या. छतात जॅकडॉ घरटी करायचे, हे कावळ्याच्या जातीतले पक्षी, त्यांना मारायला चर्चनेच दारूगोळ्याचे पैसे दिले होते.

‘सरकार सांभाळतं’

‘चर्च ऑफ इंग्लंड’ या तिथल्या अधिकृत धर्मसंस्थेच्या साधारण १६ हजार इमारती आहेत, त्यातल्या १२ हजारांहून अधिक संरक्षित यादीत. पण यादीत असणं वेगळं आणि दुरुस्तीचं बिल भरणं वेगळं. सक्तीची चर्चपट्टी १८६८ मध्येच बंद झाली. छप्पर गळलं तर गावची मंडळी केक विकतात, जत्रा भरवतात, देणग्या मागतात, लॉटरीच्या निधीकडे अर्ज करतात. सरकारकडून काही करसवलत, काही अनुदान मिळतं. ओस पडलेल्या साडेतीनशेच्या वर चर्चची काळजी एक ट्रस्ट घेतो, त्यालाही थोडा सरकारी पैसा आहे. एवढंच.

नेव्ह गावाची, चान्सेल रेक्टरची, हे वर सांगितलं. मठ बुडाल्यावर त्यांच्या जमिनी खासगी माणसांकडे गेल्या, आणि जमिनीबरोबर चान्सेलची जबाबदारीही. ती कित्येक ठिकाणी अजून जमिनीला चिकटून आहे. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका दांपत्याला शेताबरोबर हा वारसा मिळाला आणि चान्सेलच्या दुरुस्तीचं जवळपास लाखभर पौंडांचं बिल हातात पडलं. ते हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढले. २००३ मध्ये निकाल विरुद्ध गेला. सरकार सांभाळतं म्हणणाऱ्याने हा निकाल एकदा वाचावा.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डच्या बाजूने मान्य करतो, जरी त्यात ती लिहिलेली नाही. आज तिथे कुणालाही मनाला येईल तसं बदलता येत नाही. बाक हलवायचा असो, फरशी बदलायची असो, धर्मप्रांताच्या न्यायाधीशाकडून परवाना घ्यावा लागतो. त्याआधी चर्चच्या दारावर २८ दिवस नोटीस लागते: अमुक बदल करायचा आहे, हरकत असेल तर कळवा. हल्ली या नोटिसा बऱ्याचदा टॉयलेट आणि छोट्या स्वयंपाकघरासाठी असतात, कारण बाराव्या शतकातल्या गवंड्याला त्यांची गरज वाटली नव्हती. बदल होतोच, फक्त आधी काय होतं ते कागदावर उतरतं. जुने थर मोजता येतात ते त्यामुळे. आपल्याकडे औंढा नागनाथाला खाली यादवकाळचा कोरीव दगड आणि वर नंतरच्या काळाचं शिखर असे दोन थर उघड दिसतात. त्याला कुणी ‘जसंच्या तसं’ म्हणत नाही आणि त्याने देवळाचं काही कमी होत नाही.

बॅचच्या ग्रुपवर मी तो फोटो परत पाठवला, स्पायरला, चॅपलला आणि १८६५ च्या गोल भागाला लाल वर्तुळं करून. बराच वेळ शांतता. मग आमच्या गावचा, देवळाच्या ट्रस्टवर असलेला एक मित्र उगवला: ‘म्हणजे आम्ही गाभाऱ्यात टाइल्स बसवल्या त्यात काही चुकलं नाही तर!’ मी विचारलं, बसवायच्या आधी खालच्या दगडाचे फोटो काढले होते का? दोन निळ्या खुणा केव्हाच झाल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.